काटा वेडा नव्हता

मोटार चालवताना आपण समोरच्या पाटीवर काय पाहतो? वेग पाहतो, पेट्रोल किती उरलं ते पाहतो आणि घाट असेल तर इंजिनाची उष्णताही पाहतो. पण त्याच ओळीत कोपऱ्यात एक छोटा काटा असतो किंवा बॅटरीचं चित्र असलेला लाल दिवा असतो, त्याच्याकडे मात्र क्वचितच कुणाचं लक्ष जातं. तो विजेबद्दल काहीतरी सांगत असतो, एवढंच आपल्याला माहीत असतं. वीज म्हटली की ते मिस्त्रीचं काम, अशी आपण मनाची समजूत घालून घेतो. जुन्या गाडीच्या बाबतीत ही समजूत महागात पडते, आणि कधी कधी ती नुसती पैशांनी महाग पडत नाही.

झाशी जिल्ह्यातल्या मऊरानीपुरला राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला हा अनुभव साधारण वीस वर्षांपूर्वी आला. मऊरानीपुर हे सुखनई नदीकाठचं तहसिलीचं गाव. हातमागाच्या कापडासाठी आणि जलविहारच्या मेळ्यासाठी ते ओळखलं जातं. झाशीपासून ते साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. बुंदेलखंडात पेशव्यांच्या काळापासून मराठी घराणी स्थायिक झाली. त्यांची मुलंबाळं आजही झाशीत आणि आसपासच्या गावांत आहेत. घरात मराठी आणि दाराबाहेर बुंदेली अशी त्यांची रीत. हे कुटुंबही त्यांतलंच होतं.

घरात सासूबाई, सूनबाई आणि आठ वर्षांचा मुलगा. यजमानांची नोकरी बदलीची होती, त्यामुळे ते शनिवारी रात्री येत आणि सोमवारी पहाटे जात. सासरे वारले होते. त्यांच्यामागे राहिली होती त्यांची १९७८ सालची पद्मिनी. सूनबाईंना गाडी चालवायला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. सासूबाईंना तपासणीसाठी महिन्यातून एकदा झाशीला न्यावं लागे. बसमधला धक्काबुक्कीचा प्रवास त्यांना झेपत नसे. म्हणून ही गाडी त्या घराची चैन नव्हती, गरज होती.

बॅटरीवर आळ

सासऱ्यांनी हयात असतानाच गाडीचा मूळ डायनामो काढून अल्टरनेटर बसवून घेतला होता आणि समोरच्या पाटीखाली एक व्होल्टमीटर लावून घेतला होता. त्यांच्या पश्चात हा काटा विचित्र वागू लागला. गाडी चालू असताना तो १४ च्या आसपास असायला हवा, असं सासरे सांगत. पण तो साडेबाराच्या पुढे जाईना. छोटा पंखा लावला की आणखी घसरे, ब्रेक दाबला की थरथरे.

मिस्त्रीला दाखवलं. त्याने काट्याकडे एक नजर टाकली आणि निदान केलं, ‘‘बैटरी बैठ गई है, नई डलवा लीजिए.’’ नवी बॅटरी आली. काटा तिथंच. वर्षभराने दुसऱ्या मिस्त्रीनेही तेच सांगितलं आणि पुन्हा नवी बॅटरी आली. काटा तरीही तिथंच. शेवटी तिसऱ्याने हसत सांगितलं, ‘‘भाभीजी, यह काँटा ही पागल है, इसे देखिए ही मत.’’

दोन बॅटऱ्यांचे पैसे गेल्यावर हा सल्ला सूनबाईंना पटला. काटा वेडा ठरला. मुलगासुद्धा शेजारी बसून म्हणे, ‘‘आई, आपला वेडा काटा बघ, आज बारावर आहे!’’

जुन्या गाड्यांच्या बाबतीत ही चूक घरोघरी होते. विजेची कुठलीही तक्रार आली की पहिला आळ बॅटरीवर येतो, कारण ती दिसते, उचलता येते आणि दुकानात तयार मिळते. पण बॅटरी वीज तयार करत नाही, साठवते. पाण्याची टाकी रिकामी झाली तर आपण टाकी बदलत नाही. वर पाणी चढतंय का, नळ कुठे गळतोय का, ते आधी पाहतो. बॅटरीच्या बाबतीत मात्र आपण दर वेळी टाकीच बदलतो.

काटा नेमकं काय सांगतो?

मोटारीच्या बॅटरीत सहा खाने असतात. प्रत्येक खाना साधारण २.१ व्होल्टचा. म्हणून पूर्ण भरलेली आणि काही तास विश्रांती घेतलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास ती निम्मी उरलेली असते आणि १२ च्या खाली गेली की जवळजवळ रिकामी. म्हणजे ‘बारा व्होल्टची बॅटरी’ नेमके १२ व्होल्ट दाखवत असेल तर ती ठीक नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं.

इंजिन सुरू झालं की फॅनबेल्टच्या जोरावर अल्टरनेटर फिरतो आणि वीज तयार करतो. टाकी भरायची तर पाणी वरून आलं पाहिजे. तसंच बॅटरी भरायची तर तिच्यापेक्षा जास्त दाब हवा. म्हणून गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट असावे लागतात. त्याहून कमी असेल तर बॅटरी भरत नाही. १५ च्या वर जाऊ लागलं तर रेग्युलेटर बिघडला आहे असं समजावं. मग बॅटरीतलं पाणी भराभर आटतं आणि बल्ब वारंवार जातात.

जुन्या गाड्यांत दोन प्रकारचे काटे आढळतात. एक अँपिअर मीटर. याचा काटा मधोमध उभा असतो. बॅटरीत वीज जात असेल तर तो एका बाजूला झुकतो, बॅटरीतून निघत असेल तर दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये असाच मीटर होता. दुसरा व्होल्टमीटर. तो विजेचा दाब दाखवतो. पहिला पाण्याचा प्रवाह मोजतो, दुसरा टाकीतल्या पाण्याचा दाब, असं म्हटलं तरी चालेल.

ज्या गाड्यांत काटा नसतो त्यांत लाल दिवा असतो. किल्ली फिरवल्यावर तो लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. चालत्या गाडीत तो लागला की सगळे घाबरतात. पण किल्ली फिरवल्यावर तो लागतच नसेल तर कुणाच्या लक्षातही येत नाही. खरं तर ती तेवढीच गंभीर गोष्ट आहे. एक तर बल्ब गेलेला असतो किंवा अल्टरनेटरमधले कार्बन ब्रश झिजलेले असतात. काही अल्टरनेटरना कामाला लागण्यासाठीचा पहिला प्रवाह याच दिव्यातून मिळतो. म्हणून दिवा गेला तर चार्जिंगही अडू शकतं.

निवाडीच्या पुढे

मे महिन्यातली संध्याकाळ होती. झाशीतल्या डॉक्टरांकडे उशीर झाला. सासूबाई मागे आडव्या झाल्या होत्या, मुलगा पुढे बसला होता. बरुआसागर येईपर्यंत अंधार पडला आणि सूनबाईंनी दिवे लावले. थोड्या वेळाने मागून सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, दिवे पिवळे दिसताहेत का गं?’’

सूनबाईंनी ऐकलं आणि सोडून दिलं. सासूबाईंना सतत काहीतरी खुपत असे. भाजीत मीठ जास्त, खिडकीतून वारा, उठताना चक्कर, पायात गोळा. डॉक्टरांनी त्याच दिवशी बी. पी. पाहून ‘अगदी व्यवस्थित आहे’ असं सांगितलं होतं. ‘‘आई, काच धुळीने मळली आहे, म्हणून वाटतंय तसं,’’ सूनबाई म्हणाल्या.

काटा अकरावर आला होता. मुलाने नेहमीप्रमाणे सांगितलंही. पण वेड्या काट्याचं कोण ऐकतो?

निवाडी मागे पडलं. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना काळोख. दिवे आता खरोखरच उदबत्तीच्या टोकासारखे तांबूस झाले होते. इंजिन एकदा अडखळलं, पुन्हा अडखळलं आणि बंद पडलं. सेल्फ मारला तर नुसता ‘टक्’ असा आवाज. मागून येणाऱ्या ट्रकला दिसावं म्हणून दिवे लावावेत, तर लावायला दिवेच नाहीत. सूनबाईंनी आधी मुलाला आणि सासूबाईंना खाली उतरवून रस्त्यापासून दूर बसवलं आणि मग विजेरी हातात घेऊन मागे उभ्या राहिल्या. अर्धा-पाऊण तासाने एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी ढाब्यापर्यंत ओढून नेली. कुणाला काही इजा झाली नाही, ही नशिबाची गोष्ट.

त्या रात्री काय घडलं, याचा हिशेब सोपा आहे. पुढचे-मागचे दिवे आणि इग्निशन मिळून जुनी गाडी साधारण १२ अँपिअर खाते. ४० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी कागदावर तीन तास पुरते. पण अल्टरनेटर काम करत नसताना सुरुवातच अर्ध्या टाकीवर झाली, तर तासाभरातच अंधार. दिवसा मात्र हीच गाडी नुसत्या इग्निशनच्या तीन-चार अँपिअरवर बराच वेळ चालली असती. म्हणून चार्जिंग बंद झाल्याचं रस्त्यात कळलं, तर पंखा, रेडिओ बंद करावा, इंजिन मात्र बंद करू नये आणि उजेड आहे तोवर जवळचं गाव गाठावं.

आधी मोजा, मग खोला

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला आणि बॉनेट उघडण्याआधीच म्हणाला, ‘‘बैटरी...’’ सूनबाईंनी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. तिसरी बॅटरी घ्यायची त्यांची तयारी नव्हती. गल्लीच्या टोकाला रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. मोटारीचं त्यांना फारसं ज्ञान नव्हतं. पण त्यांच्याकडे मल्टिमीटर होता आणि आयुष्यभर जपलेला एक नियम होता, ‘‘बहूजी, पहले नापो, फिर खोलो.’’

त्यांनी बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावायला सांगितली. सकाळी काढून काही तास तशीच ठेवली आणि मोजली. १२.६ व्होल्ट. म्हणजे बॅटरी निर्दोष. ती गाडीत बसवून इंजिन सुरू केलं, वेग थोडा वाढवला आणि पुन्हा बॅटरीच्या टोकांवर मोजलं. आकडा १४ कडे चढायला हवा होता. तो १२.३ वर उतरला. म्हणजे अल्टरनेटरकडून काहीच येत नव्हतं.

बेल्ट पाहिला. अंगठ्याने दाबला तर सेंटिमीटरभर दबत होता, म्हणजे ताण ठीक. लाल दिवा? किल्ली फिरवली तर तो लागत नव्हता. बल्ब काढून वेगळा तपासला, तो चांगला होता. मग संशय ब्रशवर आला. अल्टरनेटर उतरवून उघडला तेव्हा दिसलं, कार्बनचे दोन्ही ब्रश झिजून नखाएवढे उरले होते आणि आतल्या कड्यांना टेकतच नव्हते. नवे ब्रश घातले. खर्च चहा-नाश्त्याएवढा. इंजिन सुरू केल्यावर बॅटरीवर १४.१ व्होल्ट आले.

सगळ्यांना आनंद झाला. एवढ्यात मुलगा आतून ओरडला, ‘‘पण वेडा काटा अजून बारावरच आहे!’’

एखाद्याने इथंच काम थांबवलं असतं. गाडी दुरुस्त झाली होती आणि काटा वेडा आहे हे तर सिद्धच झालं होतं. टीव्हीवाल्या गृहस्थांनी मात्र मीटरचं काळं टोक बॅटरीच्या ऋण बाजूला तसंच ठेवलं आणि लाल टोक घेऊन विजेच्या वाटेने एकेक पाऊल पुढे जाऊ लागले. बॅटरीवर १४.१. फ्यूजच्या डबीवर १४. काट्याला जाणाऱ्या तारेवर, पंखा चालू असताना १२.५. म्हणजे काटा जे दाखवत होता ते बरोबर होतं! फ्यूजची डबी आणि तो काटा यांच्यामध्ये कुठेतरी दीड व्होल्ट हरवत होता.

पाटीखाली हात घालून तारांचा जुडगा ओढला. अल्टरनेटर बसवताना कुणीतरी दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळली होती. ती टेप वितळून चिकट झाली होती आणि शेजारच्या तारेचं आवरण करपून काळं पडलं होतं. त्याच तारेवरून इग्निशन आणि पंखा दोन्ही चालत होते, सुमारे आठ अँपिअर. दीड व्होल्ट गुणिले आठ अँपिअर म्हणजे १२ वॅट. टीव्हीवाल्यांनी आपल्या दुकानातलं २५ वॅटचं डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न दाखवलं आणि म्हणाले, याच्या निम्मी आग तुम्ही दोन वर्षं पाटीखाली घेऊन फिरत होता.

काटा वेडा नव्हता. तो जिथे जोडला होता तिथलं खरं तेच सांगत होता. त्याला बॅटरीबद्दल विचारलं जात होतं आणि तो तारेबद्दल उत्तर देत होता. दोन वर्षं त्याने एका खऱ्या दोषाची तक्रार केली. त्यावर दोन निर्दोष बॅटऱ्या बदलल्या गेल्या. मग त्याचं ऐकणंच बंद झालं आणि म्हणूनच ब्रश झिजल्यावर तो खाली आला, तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही. जुन्या गाडीत नेहमीच एकच दोष असतो असं नाही. एका दोषामागे दुसरा लपतो.

घरच्या घरी एवढं जरूर पाहा

साधा डिजिटल मल्टिमीटर आज तीन-चारशे रुपयांत मिळतो. तो डी. सी. २० व्होल्टवर ठेवून पुढच्या गोष्टी कुठलीही गृहिणी करू शकते.

सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.५ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. मग इंजिन सुरू करून वेग थोडा वाढवा आणि पुन्हा मोजा. १३.८ ते १४.४ आलं तर चार्जिंग ठीक. आता दिवे आणि पंखा लावा. आकडा १३.५ च्या खाली घसरत असेल तर आधी बेल्ट पाहा. पावसाळ्यात किंवा दिवे लावल्यावर किंचाळणारा बेल्ट घसरत असतो.

बॅटरीवर कमी पण अल्टरनेटरच्या जाड तारेच्या टोकावर जास्त आकडा आला, तर दोष मधल्या तारेत आहे. एक टोक अल्टरनेटरच्या त्या स्क्रूवर आणि दुसरं बॅटरीच्या धन टोकावर ठेवा. दिवे चालू, इंजिन चालू. फरक पाव व्होल्टच्या आसपास किंवा कमी असावा. तसंच एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पाहा. इथं ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. ती काढून, घासून, घट्ट बसवणं हे स्वस्तातलं आणि पुष्कळदा रामबाण काम ठरतं.

गाडी रात्री उभी राहून सकाळी बॅटरी उतरते का? मग कुठेतरी गळती आहे. डिकीतला दिवा झाकण बंद केल्यावरही जळत राहणं हे नेहमीचं कारण. इंजिन थंड असताना अल्टरनेटरला हात लावून पाहा. तो कोमट लागत असेल तर त्यातले डायोड फुटले आहेत आणि बॅटरी रात्रभर त्यातून रिकामी होते आहे.

पेट्रोलचा आणि उष्णतेचा, दोन्ही काटे एकदमच चुकीचं दाखवू लागले, तर दोन मीटर एकाच दिवशी बिघडले असं समजू नका. अनेक जुन्या गाड्यांत या दोन्ही काट्यांना एक छोटा स्टॅबिलायझर सुमारे १० व्होल्टचा स्थिर दाब पुरवतो. तो बिघडला किंवा त्याचं अर्थिंग सुटलं की दोन्ही काटे मिळून वर चढतात.

बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवा, कोरडं करा आणि घट्ट बसवून वर व्हॅसलीनचा हात फिरवा. सोडा बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. बुंदेलखंड, विदर्भ, मराठवाडा अशा कडक उन्हाच्या प्रदेशात बॅटरीतलं पाणी लवकर आटतं. म्हणून उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला, नळाचं नाही.

काही गोष्टी मात्र चुकूनही करू नका. हातात धातूच्या बांगड्या, कडं किंवा अंगठी असेल तर ती आधी काढा. बॅटरीचं धन टोक आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होऊन हात भाजतो. पदर किंवा ओढणी खोचून घ्या, कारण बेल्ट ती कधी ओढेल ते कळणार नाही. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ काडी, उदबत्ती, विडी काही नको. तार काढताना ऋण टोक आधी काढा आणि लावताना ते शेवटी लावा.

आणि एक जुनी युक्ती कायमची विसरा. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढायची, गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, बंद पडली तर बिघाड. डायनामोच्या जमान्यात ही युक्ती खपून जात असे. अल्टरनेटर १९६० च्या सुमारास सिलिकॉन डायोडमुळे मोटारीत सर्रास बसवता येऊ लागला. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने त्याच वर्षी व्हॅलियंट मोटारीला तो बसवला. पुढे आपल्याकडेही तो रुळला. चालू गाडीत बॅटरी काढली की विजेचा झटका उसळून अल्टरनेटरचे डायोड जळतात. गाडी तपासायला म्हणून दाखवलेली हुशारी गाडीच बिघडवते. एखादा मिस्त्री असं करू लागला तर नम्रपणे पण ठामपणे थांबवा.

हे सारे आकडे जुन्या गाड्यांचे आहेत, हेही लक्षात ठेवा. अलीकडच्या पुष्कळ मोटारींत संगणक चार्जिंगचा दाब गरजेप्रमाणे कमी-जास्त करतो. त्यांत १२.५ आकडा दिसला म्हणजे बिघाड आहेच असं नाही. सिगारेट लायटरच्या जागी खोचायचे जे छोटे आकडे दाखवणारे मीटर मिळतात, तेही आपापल्या जागेचाच दाब सांगतात, बॅटरीचा नव्हे.

कुठे आणि कसं मोजता?

पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांचं उत्पादन कधीच थांबलं. पद्मिनीचं साधारण २००० साली, अँबेसेडरचं २०१४ साली. मुंबईच्या रस्त्यावरची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर निघून गेली. तरी हौसेने किंवा गरजेने जपलेल्या गाड्या अजून गावोगावी आहेत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. नव्या परवान्यावर शिक्का बसला तरी जुनी तार जुनीच राहते. तिची काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते.

मऊरानीपुरच्या घरात या प्रकरणाचा एक परिणाम गाडीच्या बाहेरही झाला. ‘दिवे पिवळे दिसताहेत’ हे सासूबाईंनी सर्वांत आधी सांगितलं होतं, ही गोष्ट सूनबाईंच्या मनातून जाईना. मग ‘उठताना चक्कर येते’ हे त्या वर्षभर सांगत होत्या, त्याचं काय? दर महिन्याला बी. पी. मोजलं जात होतं आणि ते दर वेळी व्यवस्थित निघत होतं. पण ते खुर्चीत बसवून मोजलं जात होतं आणि तक्रार उठतानाची होती.

पुढच्या महिन्यात सूनबाईंनी डॉक्टरांना एवढंच विचारलं, ‘‘आईंना झोपवून आणि मग उभं करून मोजता येईल का?’’ डॉक्टरांनी मोजलं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा त्याहून जास्त उतरला, तर त्याला वैद्यकशास्त्र दोष मानतं. सासूबाईंचा आकडा त्याहूनही जास्त उतरला. कधी वयामुळे, कधी अंगातलं पाणी कमी झाल्यामुळे, तर कधी रक्तदाबाच्याच गोळ्यांमुळे असं होतं. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं आणि उठण्याआधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसायला सांगितलं. चक्कर पुष्कळच कमी झाली. या वयात अशी चक्कर येऊन पडलं की खुब्याचं हाड मोडतं आणि मग अंथरूण सुटत नाही. म्हणजे थोडक्यात निभावलं.

घरात एखादी व्यक्ती सतत कुरकुरत असते. तिच्या कुरकुरीची आपल्याला सवय होते आणि सवय झाली की आपण ऐकणं सोडून देतो. तिची प्रत्येक तक्रार खरी असेलच असं नाही. पण ती खोटी आहे हे न मोजता ठरवणं बरं नाही. आणि एकदा मोजून काही निघालं नाही, तर आपण योग्य ठिकाणी आणि योग्य वेळी मोजलं का, हेही पाहायला हवं.

काट्याची तार टीव्हीवाल्यांनी नवी घातली. नीट डाग देऊन जोडली, मध्ये फ्यूजही बसवला. त्यानंतर गाडी सुरू झाली की काटा १४ वर जाऊन स्थिर उभा राही. सासूबाई आता मागे आडव्या होत नसत. पुढे बसत आणि वाटेत अधूनमधून काट्याकडे पाहून सांगत, ‘‘चौदा आहे गं, चल.’’